‘मराठीत समजावून सांगितले’ या ओळीखाली सही घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद;
तसेच महाराष्ट्रात आरोग्य विमा आणि आयुर्विमा विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे प्रमुख

स.न.वि.वि.

मी तासगावात एका पतसंस्थेत २२ वर्षं हिशोब लिहिते. मुद्दल, व्याज, तारण, जामीन, थकबाकी यांच्यात माझा दिवस जातो. गल्लीत कुणाकडे बँकेचं किंवा विम्याचं पाकीट आलं की ते आधी आमच्या घरी येतं. "ताई, काय लिहिलंय बघा की जरा," एवढं म्हणून माणूस कट्ट्यावर बसतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी म्हणणार आहे की तुमचा कागद मला कळला नाही, आणि तेव्हा ‘बाईंना आकडेमोड येत नसेल’ असं कुणाला वाटायला नको.

पत्राला निमित्त झालं तेही पाकिटाचंच. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, आरोग्य विम्याचं नूतनीकरण नुकतंच झालं. दोन महिने आधी मी कंपनीला मेल केला होता की यंदा ग्राहक माहिती पत्रक मराठीत पाठवा. उत्तर नाही म्हणून हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "हिंदी या इंग्लिश, मॅम?" मी म्हटलं, मराठी. बराच वेळ गाणं वाजलं. मग ती म्हणाली, "नोट कर लिया है." मागच्या आठवड्यात पाकीट आलं. आत ३८ पानं, सगळी इंग्रजी. मराठी होतं ते पाकिटावरचं कंपनीचं घोषवाक्य.

अध्यक्ष महोदय, हे पत्रक तुमच्याच सांगण्यावरून निघतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तुम्ही परिपत्रक काढलंत आणि १ जानेवारी २०२४ पासून ते नव्या, सुटसुटीत रूपात देणं कंपन्यांना बंधनकारक केलंत. कशाला विमा आहे, कशाला नाही, कुठल्या आजाराला विमा लागू व्हायला किती थांबावं लागेल, तक्रार कुठे करायची, हे सगळं त्यात थोडक्यात असतं. चांगलं काम केलंत, खोटं कशाला बोलू. त्यात असंही म्हटलंत की ग्राहकाने इच्छा दर्शवल्यास ते स्थानिक भाषेत द्यावं. माझं भांडण त्या ‘इच्छा दर्शवल्यास’शी आहे. मी इच्छा दर्शवली आणि गाणं ऐकलं. ज्यांना असं पत्रक असतं हेच माहीत नाही, ते इच्छा कशाची दर्शवणार?

आता आप्पांचं सांगते.

गेल्या पावसाळ्यात आप्पा न्हाणीत पाय घसरून पडले. वय ७१. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेच्या बाजूला एका रुग्णालयात पोहोचायला रात्रीचे साडेदहा झाले. गाडीत वेदनेने कण्हतानाही आप्पा मला बजावत होते, "एटीएमला थांबू नकोस, आपलं कॅशलेस आहे." त्यांच्या लेखी कॅशलेस म्हणजे खिशात हात घालायचाच नाही. खिडकीवरच्या मुलाने आधी २०,००० रुपये अनामत मागितली. कंपनीची मंजुरी येईपर्यंत ती द्यावी लागते म्हणे. मग त्याने मान वर न करता विचारलं, "रूम कुठली? जनरल, ट्विन का सिंगल?"

त्या प्रश्नाची किंमत किती आहे हे त्या खिडकीवर कुणी सांगत नाही. आप्पांना कूस बदलता येत नव्हती, रात्रभर कुणीतरी उशाशी हवं होतं. मी सिंगल म्हटलं. रोजचे ५,००० रुपये. पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३ लाखांवर रोज ३,००० रुपये, एवढं मला ठाऊक होतं. मी मनात मांडलं: रोजचे वरचे २,००० आपल्या अंगावर, सहा दिवस धरले तर १२,०००. होऊ दे.

सहाव्या दिवशी बिल आलं २,२५,००० रुपयांचं. खोली ३०,०००. शस्त्रक्रिया, भूल, थिएटर, डॉक्टरांच्या फेऱ्या, नर्सिंग मिळून ८५,०००. खुब्यात बसवलेला सांधा ६२,०००. औषधं २८,०००. एक्स-रे आणि तपासण्या ११,०००. हातमोजे, डायपर वगैरे विम्यात न बसणारं ९,०००. कंपनीने मंजूर केले १,१६,६४०. उरलेले १,०८,३६० रुपये आम्ही भरले, त्यातले ५०,००० माझ्याच पतसंस्थेतून सोनं तारण ठेवून.

मी १२,००० धरले होते. झालं काय होतं, तर ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. तुम्हाला ३,०००ची खोली मान्य आणि तुम्ही घेतली ५,०००ची, म्हणजे तुमचा हक्क पाचातला तीन, साठ टक्के. मग हे साठ टक्के खोलीलाच लावायचे असं नाही, डॉक्टरांच्या फीलाही लावायचे, थिएटरलाही लावायचे. कारण रुग्णालयं खोलीप्रमाणे बाकीचे दरही चढवतात. तर्क मला पटतो. एक टक्क्याची अट होती म्हणूनच आप्पांचा हप्ता कमी बसत होता, हेही मान्य. पण ही गोष्ट पॉलिसीत एका वाक्यात होती, आणि ते वाक्य सात ओळींचं, एकदाही न थांबणारं. त्याखाली एवढंच एक उदाहरण असतं, की ३,०००ऐवजी ५,०००ची खोली घेतलीत तर १ लाखाच्या बिलात तुमच्या पदरचे किती जातील, तर मी त्या रात्री ट्विन रूम म्हटलं असतं आणि उशाशी स्टूल टाकून बसले असते.

पुढचं अजून वाईट आहे. तीन रविवार मी ती पॉलिसी डिक्शनरी घेऊन वाचली. तिसऱ्या रविवारी व्याख्यांच्या पानावर ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ सापडलं. तिथे स्पष्ट म्हटलं होतं की औषधं, शरीरात बसवायचे सांधे-सळया आणि तपासण्या या खर्चांत धरायच्या नाहीत. म्हणजे त्यांना साठ टक्क्यांची कात्री लागतच नाही. हे तुमच्याच २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमधून आलेलं आहे. कंपनीने तर सगळ्यालाच सरसकट लावली होती. मी पुन्हा मांडलं: खोलीचे १८,०००, डॉक्टर-थिएटरचे ८५,०००वर साठ टक्क्यांनी ५१,०००, सांधा ६२,०००, औषधं २८,०००, तपासण्या ११,०००. बेरीज १,७०,०००. त्यातून दहा टक्के को-पे, म्हणजे आमचा ठरलेला वाटा, १७,००० वजा. यायला हवे होते १,५३,०००. पहिल्या मेलला ‘क्लेम नियमानुसार निकाली काढला आहे’ असं उत्तर आलं. दुसऱ्या मेलमध्ये पान, कलम आणि बेरीज दिली आणि खाली लिहिलं की नाहीतर मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाते, तिथे फी लागत नाही हे मला ठाऊक आहे. अकराव्या दिवशी ३६,३६० रुपये खात्यात आले. सोबत माफी नव्हती, कारण नव्हतं.

मला ते ३६,३६० मिळाले कारण मला टक्केवारी येते, इंग्रजी अडखळत का होईना येतं आणि मला तीन रविवार मोकळे मिळाले. माझ्या शेजारणीला यातलं एकही नाही. तिच्या सासऱ्यांच्या क्लेमचं काय झालं असेल, हे मी विचारतही नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलं ते एका ओळीचं. क्लेमच्या भानगडीत मी आप्पांचा मूळ प्रस्ताव अर्ज मागवला. आप्पा सही मराठीत करतात, मोडी वळणाची, ‘रा’ला मोठी वेलांटी मारल्यासारखी. अशी सही असली की अर्जाच्या शेवटी एक जादा चौकट भरावी लागते. इंग्रजीत छापलेलं: या अर्जातील मजकूर मला अमुक भाषेत समजावून सांगण्यात आला आणि तो मला पूर्णपणे समजला. अमुकच्या जागी निळ्या पेनने इंग्रजी अक्षरांत ‘मराठी’. शेजारी समजावून सांगणाऱ्याची सही, ती एजंटची. खाली आप्पांची.

"काय समजावलं होतं हो त्यांनी?" मी आप्पांना विचारलं.

"चहा घेतला. म्हणाला, इथं आणि इथं सही करा."

आप्पांनी इंग्रजी न वाचता सही केली ही त्यांची चूक, मी मान्य करते. पण मला तुम्ही सांगा, ‘मराठीत समजावलं’ हे मराठी माणसाकडून इंग्रजीत लिहून घेण्याची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली असेल? त्याच अर्जात रक्तदाबाच्या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण होती. आप्पा तेव्हा चार वर्षं रोज सकाळी बीपीची गोळी घेत होते आणि ते त्यांनी एजंटला सांगितलंही होतं. "त्यानं काय होतंय, लिहिलं तर उगाच मेडिकल करायला लागेल," असं तो म्हणाला होता. पॉलिसीला पाच वर्षं झाली होती म्हणून आम्ही वाचलो. कारण ६० महिने सलग विमा चालू असेल तर त्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीला जुन्या उत्तरांवरून क्लेम नाकारता येत नाही.

या ६० महिन्यांना तुम्ही नाव दिलंय ‘मोरॅटोरियम’. हा शब्द आमच्या तालुक्यात प्रत्येकाला पाठ आहे. २०२० साली लॉकडाऊनमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलले, ते मोरॅटोरियम. तेव्हा बँकेच्या दारात लोक ‘मोरॅटोरियम घ्यायचंय’ म्हणून रांगा लावून उभे असत. आता तोच शब्द पॉलिसीत दिसला की माणूस म्हणतो, वा, साठ महिने हप्ता भरायला नको! मी हे विनोद म्हणून लिहीत नाहीये, दोघांनी मला खरंच विचारलंय. आधी आठ वर्षांची असलेली ही मुदत २०२४ मध्ये तुम्ही पाचवर आणलीत आणि जुन्या आजारांसाठीची कमाल थांबण्याची मुदत चार वर्षांवरून तीनवर. दोन्ही निर्णय लोकांच्या बाजूचे. ज्यांच्या बाजूचे, त्यांना कळलेच नाहीत.

मात्र २२ सप्टेंबर २०२५ला वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा ती बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच माझ्या व्हॉट्सअॅपवर आली होती. झेंडूची फुलं, शुभ सकाळ, आणि अस्खलित मराठीत ‘आजच पॉलिसी घ्या’. एजंट तोच. म्हणजे मराठी टाइप करणारी माणसं तुमच्याकडे आहेत.

आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत. २०२२ साली ते ग्रॅच्युइटीचे पैसे मुदत ठेवीत ठेवायला बँकेत गेले आणि आयुर्विमा घेऊन आले. बँकेचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एका बँकेची नाही. "एफडीच समजा काका, वर विमा फुकट," असं टेबलावरच्या मुलाने सांगितलं. काकांनी २ लाख भरले. कागदावर एकाखाली एक दोन आकडे होते: पॉलिसी टर्म २०, प्रीमियम पेइंग टर्म १०. काकांनी याचा अर्थ लावला की दहा वर्षांनी पैसे मिळतील, फार तर वीस. खरा अर्थ असा होता की हे २ लाख दहा वर्षं दरवर्षी भरायचे आणि हातात पडायचे ते विसाव्या वर्षी. पेन्शन महिना तीन हजारही नाही असा माणूस दरवर्षी २ लाख कुठून भरणार, हा प्रश्न त्या अर्जावर सही घेणाऱ्या एकालाही पडला नाही.

पडताळणीचा फोन आला होता, हो. तुमच्या पद्धतीप्रमाणे सगळं झालं. काका तेव्हा विट्याच्या बाजारात होते. फोनवर हिंदीतून कुणीतरी भराभर विचारत होतं, काका "हां जी, हां जी" करत होते. रेकॉर्डिंग कंपनीकडे आहे आणि त्यात त्यांनी सगळ्याला होकार दिला आहे. पॉलिसी परत करायची फ्री लूकची मुदत तेव्हा बहुतेकदा १५ दिवसांची असे, आता ३० दिवसांची आहे. पण ‘फ्री लूक’ म्हणजे काय? काकांना वाटलं, बघायचे पैसे लागत नाहीत. पुढच्या वर्षी हप्त्याचा मेसेज आला तेव्हा ते तो मला दाखवायला आले. त्या वेळच्या नियमात दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय अशा पॉलिसीला सरेंडर मूल्य, म्हणजे मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, येतच नसे. त्यामुळे ती बंद पडली तेव्हा त्यांच्या हातात आलं शून्य. १ ऑक्टोबर २०२४ पासून तुम्ही हा नियम बदललात, आता एका वर्षाच्या हप्त्यानंतरही काही परत मिळतं. काकांना त्याचा उपयोग नाही. ते हल्ली एका मंगल कार्यालयात रात्रपाळीला बसतात.

‘बोनस’ हा शब्द मी आधीपासूनच संशयाने बघते. धरा, १ लाखाची पॉलिसी आहे आणि हजारी ४५ रुपये बोनस जाहीर झाला. एजंट सांगतो ‘साडेचार टक्के, वर मूळ रक्कम, वीस वर्षांत दामदुप्पट’. तो बोनस भरलेल्या पैशावर नसतो, विमा रकमेवर असतो, आणि त्याच्यावर पुन्हा बोनस चढतोच असं नाही. वर्षाला ४,५०० प्रमाणे वीस वर्षांचे ९०,०००, मूळचे १ लाख, मिळून १,९०,०००. वर्षाला ५,२०० रुपये हप्ता भरला असेल तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. वाईट नाही, विमाही आहेच. पण दामदुप्पट नव्हे. आणि पुढच्या वर्षी हजारी ४५च मिळतील याची हमी कुणी दिलेली नसते.

‘नॉमिनी’चं तर विचारूच नका. आमच्याकडे सगळे ‘वारस लावला’ म्हणतात. बँकेत ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं तो पैसे घेतो, पण वारसांच्या वतीने. पैसे त्याचे होत नाहीत. आयुर्विम्यात मात्र २०१५च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांना नॉमिनी केलं तर पैशाचा लाभ त्यांचाच. शब्द एक आणि अर्थ दोन. यापायी मी दोन भाऊ माझ्या टेबलासमोर एकमेकांवर धावून गेलेले पाहिले आहेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, एक पासबुक दाखवत होता आणि दुसरा पॉलिसी.

आता थोडं आमच्या घरचंही सांगते, नाहीतर मी दुसऱ्यांनाच बोलते असं होईल. माझ्या पतसंस्थेत बरीच वर्षं ‘फ्लॅट’ दराने कर्ज दिलं जायचं. लोकांना आम्ही सांगायचो, "शेकडा एक रुपया." गावाकडे महिन्याला शंभरामागे किती हीच भाषा चालते, ती पटकन कळते. १ लाख, तीन वर्षं, शेकडा एक: व्याज ३६,०००, महिन्याचा हप्ता ३,७७८. ऐकायला बारा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि आम्ही व्याज पूर्ण लाखावर लावत होतो. घटत्या शिलकीवर मांडलं तर दर २१ टक्क्यांच्या वर जातो. मी स्वतः हे कोष्टक करून भिंतीवर लावायचं ठरवलं, तेव्हा संचालकांपैकी एकजण म्हणाले, "ताई, कशाला लोकांना घाबरवता." कोष्टक लागलं. दर बदलायला त्यानंतर दोन वर्षं गेली. तेव्हा न कळणारी भाषा कुणाच्या सोयीची असते हे मला टेबलाच्या या बाजूने माहीत आहे.

कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने यावर तोडगा काढला. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्ज देताना मुख्य तथ्यांचं विवरणपत्र द्यावं लागतं. सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती, एकूण परतफेड किती, हे त्यात येतं, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून, मजकूर समजावून, त्याची पोच घ्यायची आहे. आमच्यासारख्या पतसंस्थांना हा नियम लागू नाही, तरी आम्ही तो कागद उचलला. त्यात ‘इच्छा दर्शवल्यास’ नाही. प्रत्यक्षात सगळीकडे नीट होतं असं मी म्हणत नाही. पण नियम कसा लिहावा ते दिसतं.

मराठी करा म्हटलं की एक भीती मला वाटते, ती आधीच बोलून टाकते. आमच्या भागात द्राक्ष आहे, सोयाबीन आहे, त्यामुळे पीक विम्याचे कागद मी पुष्कळ पाहिलेत. ते मराठीत असतात. ‘उंबरठा उत्पादन’, ‘जोखीमस्तर’, ‘विमा संरक्षित रक्कम’. शब्द कुणी विचार करून बनवलेत, उंबरठा तर छानच आहे. पण ‘जोखीमस्तर ७० टक्के’ हे वाचून शेतकऱ्याला वाटतं, नुकसानीच्या ७० टक्के मिळणार. प्रत्यक्षात मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा. महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या काही गावांचं मिळून, उत्पादन त्या उंबरठ्याच्या खाली जाईल तेव्हाच भरपाई, आणि तीही तेवढ्याच फरकाची. सरासरी एकरी दहा क्विंटल असेल तर उंबरठा सात. पीक साडेसात आलं तर अडीच क्विंटल गेले आणि भरपाई शून्य. शेवटची तीन वाक्यं मी कट्ट्यावर सांगते तेव्हा लोकांना लगेच कळतं. परिपत्रकात ती नसतात.

तेव्हा ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’चं ‘समानुपातिक वजावट’ करून आमच्या हातात देऊ नका. को-पेला को-पेच म्हणा, डिडक्टिबलला (क्लेममधली आधी आपण भरायची ठरलेली रक्कम) डिडक्टिबल. लोक इंग्रजी शब्द पचवतात हो, ईएमआय आणि ओटीपी नाही का पचवले? आम्हाला त्या शब्दापुढे रुपयांतला हिशोब हवा आहे, आमच्या पॉलिसीचे आकडे घालून.

मागण्या लिहिते.

एक, प्रस्ताव अर्जावर ज्या भाषेत सही झाली आहे त्या भाषेत ग्राहक माहिती पत्रक आपोआप यावं. मागायला लावू नका. माझ्या वडिलांची सही मराठीत आहे, यापेक्षा वेगळी इच्छा त्यांनी कशी दर्शवायची?

दोन, त्या पत्रकात किमान चार सोडवलेली गणितं असावीत, त्याच ग्राहकाच्या विमा रकमेवर: मर्यादेबाहेरची खोली घेतली तर काय, को-पे किती, कुठल्या आजाराला कुठल्या तारखेपर्यंत थांबायचं (महिने नव्हे, तारीख), आणि आयुर्विमा असेल तर दुसऱ्या, पाचव्या आणि शेवटच्या वर्षी बंद केला तर हातात किती रुपये. तुमच्या तक्त्यांत ४ आणि ८ टक्क्यांनी काढलेले परताव्याचे आकडे असतात. त्यातला ८चा तेवढा एजंट दाखवतो, म्हणून बंद केल्यावरचा आकडा त्याच पानावर, त्याच टाइपात हवा.

तीन, ‘मराठीत समजावून सांगितले’ ही चौकट मराठीत छापा, आणि समजावणारा आणि विकणारा एकच असू नये. तेवढं जमत नसेल तर ती चौकट काढून टाका. खोटं लिहून घेण्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं.

चार, पडताळणीचा फोन ग्राहकाच्या भाषेत करा आणि त्यात हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. "तुम्हाला किती वर्षं, दरवर्षी किती भरायचे आहेत?" एवढा एक प्रश्न विचारा आणि उत्तर त्या माणसाच्या तोंडून येऊ द्या. काकांनी "एकदाच" म्हटलं असतं आणि सगळं तिथेच थांबलं असतं.

पाच, क्लेममधून पैसे कापले तर प्रत्येक कपातीपुढे पॉलिसीचं पान, कलम आणि गणित लिहा. ‘नियमानुसार’ हा शब्द बंद करा.

रुग्णालयाच्या दाखल खिडकीवर खोलीभाड्याच्या मर्यादेची पाटी लावावी, असंही वाटतं. पण रुग्णालयं तुमच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून ते तुमच्याकडे मागत नाही. कंपन्यांनी मात्र कॅशलेसच्या मंजुरीबरोबर ‘तुम्ही घेतलेली खोली मर्यादेबाहेर आहे, याने अंदाजे इतके रुपये तुमच्यावर पडतील’ असा एक मेसेज पाठवला तर खोली दुसऱ्या दिवशी सकाळी बदलता येते. मंजुरी तासाभरात द्या असं तुम्ही कंपन्यांना सांगितलंच आहे. त्याच तासात हाही मेसेज बसेल.

आप्पा आता काठी घेऊन चालतात. नूतनीकरणाचा हप्ता मी भरला आहे, विमा बंद करणाऱ्यांतली मी नाही, आणि हे पत्र वाचून कुणी बंद करू नये. या पत्रासोबत आप्पांच्या पॉलिसीची ३८ पानी प्रत जोडते आहे. आप्पांना मी ती दोन संध्याकाळी वाचून दाखवली. जिथे पेन्सिलीची रेघ आहे ते शब्द त्यांना कळले नाहीत. जिथे गोल आहे ते मलाही कळले नाहीत. गोल ११ आहेत. त्या ११ शब्दांचा अर्थ, उदाहरणासह, मराठीत, कळवावा ही विनंती.

आपली,
आप्पांची मुलगी आणि विमाधारक
तासगाव, जि. सांगली